सुधाकरचा युक्तिवाद, भगीरथची साक्ष: ‘एकच प्याला’ अभिवाचनाच्या नोंदी

8 डिसेंबर

कार्यकारिणीत शेवटी ठराव झाला. ‘एकच प्याला’चं अभिवाचन, दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये, आणि सोबत वाटायला चार पानी टिपण: पात्रं, भाषा, आशय. टिपण माझ्या गळ्यात पडलं. तारीख 20 फेब्रुवारीच हवी म्हणून मी अडून बसले. 1919 साली त्याच तारखेला गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग इथेच, बडोद्यात केला. नाटककार राम गणेश गडकऱ्यांना तो बघायला मिळाला नाही. 23 जानेवारीला सावनेरला ते गेले, वय 33. जन्म नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातलाच.

बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर, एवढं आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. नाटक अख्खं वाचलेला माणूस मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो.

लेखकाचे हक्क संपून जमाना झाला, तेव्हा परवानगीची कटकट नाही. कटकट वेळेची. पाच अंकी संगीत नाटक, आणि हॉल साडेनऊला रिकामा करून द्यायचा. दीड तासात बसवायचं आहे.

11 डिसेंबर

वाचक ठरले. वहीत पात्रांच्या नावानेच लिहिते. सुधाकर बँकेत वसुली विभागात आहे. सिंधू तरुण वकील, न्यायालयातून थेट काळ्या कोटात येते. गीता इस्पितळात परिचारिका, बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काढलेली. तळीराम नंदेसरीच्या एका कारखान्यात केमिस्ट. रामलाल आमचे काका, रेल्वेतून निवृत्त, मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. भगीरथ व्हायला कुणी तयार नाही. “त्याला आहे काय बोलायला?” असं सगळ्यांचं म्हणणं.

काकांची एक अट: कार्यक्रम दारूबंदीच्या प्रचाराला जोडायचा. ‘नाटकाचा संदेशच तो आहे.’ बघू.

15 डिसेंबर

मांडवीला सेंट्रल लायब्ररीत जाऊन जुनी प्रत पाहिली. माझ्याकडच्या प्रतीत काही प्रवेशांतली पदं गाळलेली आहेत, ती इथे सापडली. काचेची तक्तपोशी असलेल्या त्या इमारतीत शिरलं की कामाचा वेळ कुठे जातो कळत नाही. पदं गडकऱ्यांची नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची, हे टिपणात टाकायचं. निम्म्या प्रेक्षकांना ‘कशी या त्यजू पदाला’ गडकऱ्यांचंच वाटतं.

पहिली काटछाट: शरद, भगीरथ आणि रामलाल यांचं उपकथानक पूर्ण बाहेर. वैद्य-डॉक्टरांचं भांडण बाहेर. आर्यमदिरामंडळाचा, म्हणजे तळीरामच्या दारुड्या टोळक्याचा, एकच प्रवेश ठेवायचा. उरतं ते सुधाकर, त्याची बायको सिंधू, त्याला दारूची वाट दाखवणारा तळीराम, तळीरामची बायको गीता, आणि मधेमधे उपदेशापुरता सुधाकरचा मित्र रामलाल. शोकांतिका म्हणून आटोपशीर दिसते.

19 डिसेंबर

सुधाकर. आज फक्त त्याच्याच जागा वाचल्या.

गरिबीतून स्वतःच्या अकलेवर वर आलेला वकील. सासर तालेवार, आणि हा सासऱ्याच्या पैशाला शिवणार नाही असा ताठ. मुन्सफाशी कोर्टात वाजतं, सनद काही काळापुरती जाते, अपमान असह्य होतो आणि तळीराम पेला पुढे करतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सलग वाचताना पुढची जागा ठळक दिसली. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. काम मागायला बाहेर पडतो, आणि काल त्याच्या बैठकीला बसणारी प्रतिष्ठित मंडळी त्याला दाराबाहेर उभं करतात. मग तो पुन्हा पितो.

म्हणजे दोन्ही वेळा आधी अपमान आहे, मग पेला. दारू हे त्याचं मूळ दुखणं असतं तर दुसऱ्या वेळी नुसती तलफ पुरली असती. गडकऱ्यांनी मुद्दाम पुन्हा अपमानाचाच प्रवेश घातला आहे. तो भूक सोसतो, कर्ज सोसतो, बायकोने दळण दळून घर चालवलेलं सोसतो. कुणी तुच्छतेने पाहिलेलं मात्र त्याला सोसत नाही.

आमचा सुधाकर म्हणाला, “वसुलीला जातो तेव्हा हेच दिसतं. हप्ता थकल्याचं दुःख नसतं. शेजाऱ्यासमोर विचारल्याचं असतं.” टिपणात घेते.

24 डिसेंबर

आज ‘ते’ भाषण. तीन अवस्थांचं.

शाळेच्या स्पर्धेत ज्याने पाठ म्हटलं नाही असा जुना बडोदेकर विरळा. रामलाल विनवणी करतो, आणि सुधाकर त्याला दारूबाजाच्या आयुष्याच्या प्रथम, मध्यम आणि अंतिम अवस्था समजावून सांगतो. प्रत्येक अवस्थेत माणूस का सुटत नाही याची कारणं देतो. सुरुवात नेहमी एकाच प्याल्याने. कधी थकव्यासाठी, कधी तब्येतीसाठी, कधी दोस्तांच्या आग्रहाखातर. शेवटी निष्कर्ष असा की दारू सुटायची वेळ एकच, पहिला प्याला तोंडाला लावण्याआधीची. ती गेली की संपलं.

काकांच्या डोळ्यांत पाणी. “हे एवढं जरी वाचलं तरी कार्यक्रम झाला,” म्हणाले. वाचनही चांगलं झालं, श्वास फक्त दोन जागी तुटला.

सगळे गप्प असताना गीता तिच्या इस्पितळी कोरड्या आवाजात म्हणाली, “आमच्या वॉर्डात हे रोज ऐकते. इतकं छान मराठी नसतं, पण मुद्दे हेच. आता माझं काही होऊ शकत नाही, कारण मला सगळं कळलंय. ज्याला जास्त चांगलं बोलता येतं त्याला सोडवणं जास्त अवघड.”

काका चिडले. नाटकाचा आत्माच तो आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून वाद पेटला आणि तालीम तिथेच संपली.

25 डिसेंबर

रात्रभर डोक्यात तेच. सुट्टी होती, सकाळीच पुन्हा पुस्तक काढलं.

ते भाषण कोण करतो? सनद गेलेला वकील. कुणासमोर? मित्रासमोर, जो त्याला सोडवायला आला आहे. भाषणाची बांधणी पाहा: वर्गीकरण, प्रत्येक वर्गाची लक्षणं, प्रत्येक पळवाट आधीच बंद, मग निकाल. हा कबुलीजबाब दिसतो, पण घडण सगळी युक्तिवादाची आहे. सुधाकर स्वतःचाच खटला लढतो आहे आणि त्याला हवा असलेला निकाल आहे ‘सुटका अशक्य’. हा निकाल लागला की पुन्हा प्रयत्न करायची जबाबदारीच उरत नाही. पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायला नको, पुन्हा अपमान नको.

नाटकभर त्याचा कुणी पराभव करू शकत नाही असं हे एकच ठिकाण. रामलालपाशी उत्तर नाही. प्रेक्षक शंभर वर्षं टाळ्या देत आले. सुधाकर ही शेवटची केस जिंकतो, आणि त्या जिंकण्यातच बुडतो.

ग्रीक शोकांतिकेबद्दल बोलताना अ‍ॅरिस्टॉटल ओळखीचा क्षण सांगतो. अज्ञान संपतं, नायकाला खरं काय ते कळतं. इथे कळण्यात काही कमी नाही. सुधाकरला स्वतःबद्दल इतकं स्वच्छ कळतं की त्या कळण्याचीच त्याला धुंदी येते.

27 डिसेंबर

भगीरथला बाहेर काढता येणार नाही.

काल वर लिहिलं ते गटाला सांगितलं. सिंधू म्हणाली, “ठीक आहे, पण सुधाकरचा मुद्दा खोटा ठरवायला पुरावा काय? तुमचं मत हा पुरावा नाही.” पुरावा नाटकातच आहे आणि तो आम्ही पहिल्याच आठवड्यात कापून ठेवला होता. भगीरथ. निराशेपोटी पिऊ लागलेला, तळीरामाच्या टोळक्यात जाऊन बसलेला तरुण. रामलाल त्याला भेटतो, बोलतो, देशाचं काम दाखवतो, आणि तो सोडतो. पुन्हा पीत नाही. पहिला प्याला त्यानेही घेतलेला होता. सुधाकरच्या सिद्धांताप्रमाणे त्याचीही वेळ निघून गेली होती.

एकाच नाटकात एक पात्र सिद्धांत मांडतं आणि दुसरं पात्र तो खोटा पाडत हिंडत असतं. गडकऱ्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. ज्या लेखकाने दोन्ही घसरणींआधी एकेक अपमान ठेवला, तो भगीरथला नुसता शरदचं लग्न जुळवायला आणील?

काकांनी नेमकी कुरापत काढली: “भगीरथ पहिल्याच अवस्थेत होता. सुधाकर तिसऱ्या.” मुद्दा बरोबर आहे आणि टिपणात मांडावा लागेल. पण माझं उत्तर असं: सुधाकरनेही मधे सोडली होती. त्याला दारूने परत ओढलं नाही, गावाने परत ढकललं. भगीरथला रामलाल भेटला तेव्हा त्याने ‘काय होतास’ असं विचारलं नाही, हातात काम दिलं. सुधाकरला तेच काम कुणी दिलं नाही.

गीतेने आणखी एक गोष्ट सांगितली. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा तिच्या इस्पितळात भरतात. तिथेही जोर पहिल्या प्याल्यावरच असतो: पहिला घेऊ नकोस. पण ते रोजचं गणित आहे. आजचा पहिला प्याला अजून घ्यायचा आहे, तो टाळ. उद्याचं उद्या. सुधाकरचीच अट, पण त्याच्याकडे ती आयुष्यात एकदाच येते, इथे रोज सकाळी नव्याने. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

30 डिसेंबर

भगीरथ मिळाला. आमच्या एका सभासद ताईंचे यजमान. मूळचे गुजराती, लग्नानंतर मराठी शिकले, नाटकाचं वेड आहे. च आणि ज सगळीकडे गुजराती वळणाने येतात. ‘चाललो’ म्हणताना तळीराम हसला. मी बदलायला लावणार नाही. नवसारीत जन्मलेल्या लेखकाच्या नाटकात एक पात्र असं बोललं तर काय बिघडलं?

5 जानेवारी

रामलाल. काका त्याला साधुपुरुष करून टाकतात. तसा तो नाही. शरद ही सुधाकरची बहीण, बालविधवा, रामलालने लेकीसारखी मानलेली. आणि त्याच रामलालच्या मनात तिच्याविषयी ओढ उठते. तो हादरतो, स्वतःला फैलावर घेतो, आणि तिचा हात भगीरथच्या हातात देतो. हा भाग मी पहिल्या काटछाटीत ‘जुनाट’ म्हणून काढला होता. आता दोन मिनिटांचं स्वगत परत घेतलं, कारण पहिला प्याला घेण्याआधीच थांबलेला माणूस नाटकात हा एकटाच आहे. त्याच्या मोहात दारूचा थेंब नाही एवढंच.

काकांनी वाचायला साफ नकार दिला. “लेकीसारख्या मुलीबद्दल मी हे बोलणार नाही.” मी म्हटलं, काका, रामलाललाही तेच वाटत होतं. विचार करतो म्हणाले.

9 जानेवारी

काकांनी स्वगत वाचलं. मान वर न करता, जवळजवळ पुटपुटत. तसंच ठेवायचं असं सगळ्यांनी सांगितलं.

13 जानेवारी

उद्या उत्तरायण, परवा वासी उत्तरायण. तळीरामच्या बोटांना आत्ताच मांज्याच्या चिरा आहेत. तालीम थेट 17ला.

17 जानेवारी

भाषा. टिपणाचा दुसरा भाग.

गडकऱ्यांची वाक्यं आज मोठ्याने वाचायला माणूस धजत नाही. अनुप्रास, उपमेवर उपमा, एका क्रियापदाची वाट बघत अर्धं पान. पण सगळी पात्रं एकसारखं बोलतात हा जो आरोप आहे, तो कान देऊन वाचल्यावर टिकत नाही.

सुधाकर मुद्दे मांडतो, अगदी बायकोशी बोलतानासुद्धा. रामलाल व्याख्यान देतो. त्याच्या वाक्यांत ‘समाज’ सारखा डोकावतो, समोरचा माणूस कमी. तळीराम तर्कच उलटे चालवतो. दारूची बाजू घेताना तो सुधारकांचीच हत्यारं वापरतो. आर्यमदिरामंडळ हे नावच त्या काळच्या मंडळं, सभा, ठराव, अध्यक्षीय भाषणं यांची टर आहे. शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत पितात, म्हणजे जी एकी सुधारकांना साधली नाही ती बाटलीने साधली, असा तो टोला. हा प्रवेश वाचताना हसून पोट दुखतं आणि मग प्रश्न पडतो: दारूविरोधी नाटकात दारूडेच सगळ्यात हुशार का बोलतात? तळीराम मरेपर्यंत त्याला कुणी विनोदात हरवत नाही. मला वाटतं गडकऱ्यांची खरी भीती इथे आहे. चांगलं बोलता येणं हे पात्रांना कुठेच वाचवत नाही. सुधाकरला नाही, तळीरामला नाही, आणि रामलालच्या व्याख्यानांनी सुधाकरही सुटत नाही.

आणि गीता. नाटकातला सगळ्यात मोकळा श्वास. नवऱ्याला तोंडावर बोलते, घरगुती ठसक्यात, अलंकार न शोधता. तिचा एकेक शब्द प्रेक्षकापर्यंत पोचतो. आमच्या गीतेला तालमीची गरजच नाही, तिला फक्त वेग कमी करायला सांगावं लागतं.

सिंधू कमी बोलते. तिच्याकडे तर्क नाही असं वाटतं. पण पुढच्या तालमीत तो प्रवेश आहे.

22 जानेवारी

फौजदाराचा प्रवेश. सबंध तालीम ह्यातच गेली, आणि जाऊ दिली.

परिस्थिती अशी: नशेतल्या सुधाकरच्या हातून मूल गेलं आहे, सिंधू जबर जखमी आहे. फौजदार जबाब घ्यायला येतो. सिंधू सांगते की आपण पडलो. नवऱ्याचं नाव घेत नाही. आणि मरते.

आमच्या सिंधूने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की हा प्रवेश तिला चीड आणतो. रोज न्यायालयात ती अशा बायका बघते. पायऱ्यांवरून पडले, मोरीत घसरले, दार लागलं. 2005 पासून कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे तरी जबाब तोच. “हे मी पवित्र आवाजात वाचणार नाही.”

मग मी विचारलं, वकील म्हणून वाच. हा जबाब कायद्यात काय आहे?

ती थांबली. म्हणाली, मृत्युपूर्व जबानी. 1872च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम 32. आता 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय, पण तत्त्व तेच: मरणाऱ्या माणसाने आपल्या मरणाच्या कारणाबद्दल सांगितलेलं ग्राह्य. अशा जबानीवर खटला उभा राहतो किंवा पडतो.

पुन्हा वाचलं. ह्या वेळी तिने हुंदका काढला नाही, फौजदाराकडे सरळ पाहिलं आणि ते छोटं वाक्य साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं तसं सांगितलं. प्रत्येक शब्द सुटा, लिहून घेणाऱ्याला वेळ मिळेल इतक्या संथपणे. मग ‘झालं लिहून?’ अशा नजरेने एक क्षण थांबली. संहितेत नसलेला तो क्षण. सुधाकर वाचणाऱ्याने हातातली पानं खाली ठेवली.

कारण उघड झालं. सबंध नाटकात ज्याचं बोलणं पुढ्यातल्या परिस्थितीत काहीतरी बदलतं असं पात्र हे एकच. सुधाकरच्या पानभर युक्तिवादाने काही हललं नाही. वकिलाच्या बायकोने एका वाक्यात अख्खी सरकारी केस संपवली. ते खोटं आहे, भयंकर आहे, आणि तिच्यापाशी तेवढीच सत्ता उरली आहे.

मला हे उदात्त म्हणवत नाही. टिपणात दोन्ही लिहायचं: 1919च्या प्रेक्षकाला इथे पतिव्रता दिसली, आणि तशीच ती दिसावी म्हणून गडकऱ्यांनी रंग भरले आहेत. पण ज्या शहरात हे पहिल्यांदा रंगमंचावर आलं त्या बडोदे संस्थानाने 1931 साली हिंदू स्त्रीपुरुषांसाठी घटस्फोटाचा कायदा केला, बाकीच्या देशाच्या कितीतरी आधी. सयाजीरावांच्या राज्यातली सिंधू बारा वर्षांनी जन्मती तर तिच्यापुढे निदान एक दार असतं. ती त्यातून गेली असती का, हा वेगळा प्रश्न. गीता गेली असती.

28 जानेवारी

सामानाची चर्चा. तळीरामला बाटली हवी. गुजरातेत रिकामी बाटलीसुद्धा हॉलवर नेताना आमच्या लोकांचे हात थरथरतात. 1960 साली राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी, म्हणजे सुधाकरचा पहिल्या प्याल्याचा सिद्धांत सरकारने कायदा करून टाकला म्हणा ना. कुणी म्हणालं मुंबईचा मामा आणेल, कुणी म्हणालं खसच्या सरबताची चालवू. शेवटी बाटलीच नको असं ठरलं. घरचा स्टीलचा पेला, पाणी भरून, सुरुवातीपासून टेबलावर. कुणी त्याला हात लावायचा नाही. तळीराम नाराज.

2 फेब्रुवारी

पदांवरून ओढाताण. काटछाटीत एकही पद नव्हतं. दांडिया बाजारातले ज्येष्ठ येणार ते गाण्यांसाठीच, त्यांना नुसती गद्य शोकांतिका ऐकवली तर पुढच्या वर्षी वर्गणी मिळायची नाही, असं खजिनदारांचं मत. मत चुकीचं नाही. ‘कशी या त्यजू पदाला’ आणि ‘सत्य वदे वचनाला नाथा’ ठेवली. गाणारी वेगळी, सिंधूच्या मागे बसून. बरंच झालं. बालगंधर्वांच्या सुरांनी सिंधूचं दुःख गोड करून ठेवलं आहे, तो गोडवा तिच्या तोंडी नको होता. आता गाणं एकीकडून येतं आणि जबाब दुसरीकडून.

8 फेब्रुवारी

तालीम रद्द. माझ्याकडे बोर्डाच्या तोंडी परीक्षा, सुधाकरकडे पाहुणे.

12 फेब्रुवारी

टिपण छापायला गेलं. आशयाच्या भागात कार्यकारिणीला ‘दारूचे दुष्परिणाम’ असं शीर्षक हवं होतं. मी ‘मानी माणूस आणि त्याचं गाव’ दिलं. वाद नको म्हणून शीर्षकच काढून टाकलं, मजकूर राहिला.

त्यातला कळीचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते, छपाईत काय होईल सांगता येत नाही:

‘तीन अवस्थांचं भाषण नाटकाचं तात्पर्य म्हणून वाचू नये. ते आरोपीने स्वतःविरुद्ध केलेलं भाषण आहे आणि त्यात त्याचा स्वार्थ आहे. त्याच नाटकात भगीरथ सुटतो, रामलाल प्याल्याआधी थांबतो, आणि सुधाकर स्वतःही एकदा सोडतो. तेव्हा प्रश्न “पहिला प्याला का घेतला” इतकाच राहत नाही. परत आलेल्या माणसाला कुणी कसं वागवलं, हाही राहतो.’

काकांनी वाचलं. दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. बाकी काही म्हणाले नाहीत.

16 फेब्रुवारी

सलग वाचन. वेळेपेक्षा लांबलं. तळीरामच्या दोन कोट्या गेल्या, त्याने त्यांच्यासाठी शेवटपर्यंत झुंज दिली. शेवटाला सुधाकर विष घातलेली दारू पितो, तिथे आमचा सुधाकर फार रडत होता. मी त्याला सांगितलं, हा माणूस इथे रडत नाही, तो आपला युक्तिवाद पुरा करतो आहे. शेवटचा पुरावा स्वतःच्या देहाने देतो. तसं वाचल्यावर अंगावर काटा आला, पण पटलं सगळ्यांना असं नाही. सिंधूचं म्हणणं, पश्चात्तापाला थोडी तरी जागा हवी. दोघांनी मिळून मधला सूर शोधावा.

21 फेब्रुवारी

काल झालं. हॉल भरला, मागे लोक उभे होते. साडेनऊ वाजून गेले तरी दिवे कुणी घालवले नाहीत.

चांगलं चाललेलं: फौजदाराचा प्रवेश. सिंधूने ‘झालं लिहून?’ अशी नजर टाकली तेव्हा पुढच्या रांगेत एक आजी मोठ्याने “अगं बाई!” म्हणाल्या. गीतेला दर वाक्याला हशा. काकांचं स्वगत इतकं हळू की मागे पोचलंच नाही, पण पुढे बसलेले पुढे झुकून ऐकत होते.

फसलेलं: तीन अवस्थांच्या भाषणाला टाळ्या पडल्या. भरपूर. आम्ही सुधाकरला ते थंडपणे, वकिली ढंगाने वाचायला लावलं होतं, तरीही. कानाला सवय आहे, शाळेत पाठ केलेलं असतं, आणि मराठी गोडच आहे. लगेच पाठोपाठ भगीरथ उभा राहिला तो टाळ्यांच्या आवाजातच. त्याची पहिली दोन वाक्यं वाया गेली.

बाहेर चहाला एक गृहस्थ मला म्हणाले, “भगीरथाला फारच जागा दिलीत. आम्ही सुधाकरसाठी आलो होतो.” दुसरे एक, तिशीतले, कप हातात धरून बराच वेळ बाजूला उभे होते. ते भगीरथ वाचणाऱ्याशी गुजरातीत बोलले, काय ते मी ऐकलं नाही.

एप्रिलमध्ये कारेलीबागेतल्या मंडळाने बोलावलं आहे. बदल: भाषण आणि भगीरथ यांच्यामध्ये गीतेचा छोटा प्रवेश टाकायचा म्हणजे टाळ्या आधीच संपतील. काकांना माइक जवळ. वैद्य आणि डॉक्टर तळीरामच्या उशाशी भांडतात तो तुकडा परत घ्यायची तळीरामची मागणी मान्य, पाच मिनिटांच्या आत बसवला तर.

टिपणाच्या उरलेल्या प्रती मंडळाच्या कपाटात, वरच्या खणात.